मधूनमधून जाणाऱ्या वायफायची केस हिस्ट्री

‘मॅडम, आजोबांचं रात्रीचं इन्सुलिन पंधरा युनिट...’ एवढं मी बोललो आणि समोरचं चित्र गोठलं. लॅपटॉपच्या पडद्यावर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी स्थिर झाल्या. मागे बाकावर बसलेले आजोबाही तसेच. माझ्या ते लक्षात आलं नाही आणि मी बोलत राहिलो, ‘...होतं, ते आजपासून दहा करा. पहाटे घाम येतो, हात थरथरतात म्हणजे साखर फार उतरतेय.’ हे पुढचं काही तिकडे पोचलंच नाही.

मॅडम दक्ष होत्या म्हणून निभावलं. दोन मिनिटांनी त्यांनी मोबाइलवरून फोन केला. ‘सर, पंधरा युनिट तसंच चालू ठेवायचं ना?’ त्यांनी विचारलं, म्हणून चूक तिथेच थांबली. विचारलं नसतं तर? इन्सुलिनमुळे साखर पहाटे फार खाली गेली, तर सत्तरी ओलांडलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. घरच्यांना वाटतं, आज जरा उशिरापर्यंत झोपलेत.

नेट पूर्ण बंद असतं, तेव्हा आपण सरळ फोन उचलतो. पण येणारं-जाणारं नेट अर्धं वाक्य पोचवतं आणि ऐकणाऱ्याला ते पूर्ण वाटतं. म्हणून रुग्णालयात मला बंद नेटपेक्षा लहरी नेटची भीती जास्त वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ई-संजीवनीसारखी सेवा त्याच्या थोडी आधी सुरू झाली होती. तेव्हापासून गावातल्या उपकेंद्रात बसलेल्या रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा खाडा, हे सगळं वाचतं. पण या साऱ्याचा डोलारा शेवटी एका लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या छोट्या चिन्हावर उभा असतो. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या सल्ला कक्षात तेच चिन्ह दिवसातून पाच-सहा वेळा मान टाकत होतं.

रोगी एक, वैद्य अनेक

तीन आठवडे आम्ही जे केलं ते आठवलं की हसू येतं. लॅपटॉप बंद-चालू केला. राऊटर बंद-चालू केला. कोणी म्हणालं व्हायरस आहे, म्हणून नवं अँटिव्हायरस घातलं. कोणी म्हणालं ड्रायव्हर जुना आहे, म्हणून तो बदलला. नेट पुरवणाऱ्यांकडे तक्रार केली, त्यांचा माणूस येऊन ‘लाइन ओके आहे’ सांगून गेला. शेवटी नवीन लॅपटॉपच्या मागणीचं पत्र टाइप झालं.

ताप आलेल्या रुग्णाला न तपासता एकाच दिवशी अँटिबायोटिक, मलेरियाची गोळी, सलाइन आणि वर स्टेरॉइड देण्याचा हा प्रकार होता. ताप उतरला तर कशाने उतरला ते कळत नाही, आणि नाही उतरला तर पुढे काय करायचं ते कळत नाही. विद्यार्थ्यांनी असं केलं तर मी राउंडला त्यांची खरडपट्टी काढतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र मीच तसा वागत होतो.

रुग्णालयाचे संगणक सांभाळणारा आमचा तरुण सहकारी सुट्टीवरून परत आला आणि त्याने लॅपटॉपला हात न लावता खुर्ची ओढली. ‘सर, कधीपासून होतंय? दिवसभर की ठरावीक वेळी? तुमचा मोबाइल याच वायफायवर असतो, तेव्हा तोही बंद पडतो का? चिन्हच जातं, की चिन्ह राहतं आणि नेट जातं?’ एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो इतिहास घेत होता, आणि मी तो न देणारा रुग्ण होतो.

त्याने सिस्टरांना एक वही दिली. आपण वॉर्डात तापाचा तक्ता ठेवतो, तशी नेट गेल्याची नोंद आठवडाभर ठेवायची. वेळ, किती मिनिटं, मोबाइलवर नेट होतं का, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं. शेवटचा रकाना मला तेव्हा गमतीचा वाटला होता.

दोष नेमका कुठल्या टप्प्यावर?

एखाद्याचा पाय उचलत नसेल, तर दोष स्नायूत असतो, नसेत असतो, मणक्यात असतो किंवा मेंदूत असतो. मज्जाविकारतज्ज्ञ औषधाचं नाव उच्चारण्याआधी जागा ठरवतो. वायफायचंही तसंच. लॅपटॉप, मधली हवा, राऊटर, आणि राऊटरपासून बाहेर जाणारी लाइन असे चार टप्पे आहेत. यातला कुठलाही बिघडला तरी आपण एकच वाक्य म्हणतो, ‘नेट गेलं.’

जागा ठरवायला तीन सोप्या चाचण्या घरीही करता येतात.

पहिली चाचणी तुलनेची. लॅपटॉपचं नेट गेलं की त्याच क्षणी त्याच वायफायवरचा मोबाइल बघायचा. मोबाइलचा डेटा आधी बंद करा, नाहीतर तो गुपचूप डेटावर जाऊन तुम्हाला फसवतो. दोन्ही बंद पडले तर संशय राऊटरवर किंवा लाइनवर. फक्त लॅपटॉपच बंद पडत असेल तर संशय लॅपटॉपवर.

दुसरी चाचणी जागेची. लॅपटॉप उचलून राऊटरपासून चार-पाच फुटांवर बसायचं आणि तासभर काम करायचं. तिथे एकदाही तुटलं नाही, तर दोष बहुधा मधल्या हवेत किंवा भिंतीत. तिथेही तुटत असेल, तर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहायचा. हॉटस्पॉटवर तो ठणठणीत चालला, तर लॅपटॉप बहुधा निर्दोष.

तिसरी चाचणी माझी आवडती. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तशी ही संगणकाची हातोडी. तिचं नाव पिंग. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची. ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राऊटरचा पत्ता दिसतो. बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता एका खिडकीत त्या पत्त्याला सतत पिंग करायचं आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी ‘टी’ लिहिला की संगणक थांबवेपर्यंत दर सेकंदाला हातोडी मारत राहतो. समोर उत्तरं येत राहतात, किती मिलिसेकंदांत आलं त्या आकड्यासह.

राऊटरकडून उत्तर साधारणतः काही मिलिसेकंदांत यायला हवं. नेट गेलं त्या क्षणी दोन्ही खिडक्या पाहा. राऊटरचीच उत्तरं थांबली, तर लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामध्येच बिघाड आहे. राऊटर नीट उत्तर देतोय आणि बाहेरची उत्तरं थांबली, तर बाहेरच्या लाइनचा दोष. लॅपटॉपला शिव्या देण्यात अर्थ नाही, तक्रार पुरवठादाराकडे करा आणि ही निरीक्षणं त्यांना सांगा. दोन्हीकडून उत्तरं येत आहेत पण वेबसाइट उघडत नाहीत, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था अडलेली असू शकते.

आमच्याकडे राऊटरचीच उत्तरं थांबत होती. लाइनवाला खरं बोलत होता.

‘शेजारी शेक चालू असतो तेव्हाच’

आठवड्याने वही उघडली. बहुतेक नोंदी सकाळी साडेदहा ते साडेबाराच्या. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं नेट अडखळत होतं आणि मग आपोआप सुरळीत होत होतं. मलेरियाचा ताप जसा वेळ धरून येतो, तसा हा आजार वेळ पाळत होता. आम्ही कोड्यात पडलो असताना, कक्षाबाहेर रुग्णांची रांग लावणारे आमचे मामा सहज म्हणाले, ‘सर, शेजारी शेक चालू असतो तेव्हाच जातंय ते.’

शेजारची खोली फिजिओथेरपीची. तिथे खांदा आखडलेल्या, कंबर धरलेल्या रुग्णांना डायथर्मीचा शेक देतात. डायथर्मीचे दोन प्रकार असतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी साधारण २७ मेगाहर्ट्झवर चालते, तिचा वायफायशी संबंध नाही. आमच्याकडचं यंत्र मायक्रोवेव्ह डायथर्मीचं होतं. ते चालतं २४५० मेगाहर्ट्झवर. आणि वायफायचा जुना, भरपूर वापरला जाणारा पट्टा २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झचा. दोघांचं घर एकच!

हा योगायोग नाही. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत आंतरराष्ट्रीय परिषद झाली. रेडिओलहरींचे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी राखून ठेवावेत असं तिथे ठरलं, म्हणजे त्यांची गळती इतरांच्या संदेशात मिसळणार नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि डायथर्मी याच हक्काने २४५० वर आले. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेने अशा पट्ट्यांत परवान्याशिवाय संदेशवहन करायला मुभा दिली, १९९७ मध्ये वायफायचं पहिलं तांत्रिक मानक आलं आणि भारतात २००५ मध्ये हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. तेव्हा डायथर्मी ही त्या घरातली जुनी मालकीण आणि वायफाय नंतर आलेला भाडेकरू. भाडेकरूने कुरकुर करून उपयोग नव्हता.

ताकदीतही बरोबरी नाही. घरगुती राऊटर साधारण एक दशांश वॅटच्या आसपास शक्तीने बोलतो. डायथर्मीचं यंत्र शेकडो वॅटपर्यंत जाऊ शकतं आणि ते उघड्यावर, रुग्णाच्या खांद्याशी धरलेलं असतं. राऊटर कानात कुजबुजतोय आणि शेजारी बँडबाजा सुरू आहे, अशी ही अवस्था.

संशय खरा आहे का, ते तपासलं. शेक सुरू व्हायच्या आधी पिंग चालू ठेवलं. यंत्र सुरू झालं, उत्तरं तुटायला लागली. यंत्र बंद झालं, उत्तरं परत आली. सलग तीन रुग्णांच्या वेळी हेच घडलं. एकदा घडतं तो योगायोग असू शकतो, तीनदा घडल्यावर निदान लिहायला हरकत नसते.

तुमच्या घरी डायथर्मी नसते, पण मायक्रोवेव्ह ओव्हन असू शकतो. तो बंद धातूच्या पेटीत असतो, तरी थोडी गळती होतेच. आरोग्याला त्याने अपाय होत नाही, पण ओव्हनशेजारी ठेवलेल्या राऊटरचं बोलणं तोडायला ती पुरते. याच पट्ट्यात ब्लूटूथ, बिनतारी माऊस आणि शेजाऱ्यांचे राऊटर असतात. मोठ्या सोसायटीत वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात. त्यांतली बरीच याच पट्ट्यात एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतात. एकमेकांत न मिसळणारे मार्ग प्रत्यक्षात तीनच, चॅनल १, ६ आणि ११. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यातला कमी गर्दीचा निवडता येतो.

म्हणूनच चिन्हावरच्या रेघा पूर्ण दिसत असूनही नेट अडखळतं. रेघा आवाजाचा जोर दाखवतात, भोवतीचा गोंगाट दाखवत नाहीत. गजबजलेल्या ओपीडीत स्टेथोस्कोप चांगला असला तरी हृदयाचा बारीक आवाज ऐकू येत नाही, तसंच ते.

एका रुग्णाला दोन आजार

आताचे बहुतेक राऊटर ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यातही बोलतात. तिथे डायथर्मी नाही, ओव्हन नाही, शेजाऱ्यांची गर्दीही कमी. सहकाऱ्याने दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. एकच नाव असलं की लॅपटॉप कधी इकडे, कधी तिकडे उड्या मारतो आणि उडी मारताना संभाषण तुटतं. लॅपटॉपला फक्त ५ गिगाहर्ट्झ दिला. साडेदहाचा आजार बरा झाला. मी खूश.

चार दिवसांनी पुन्हा आवाज तुटला. या वेळी कुठलीही वेळ न पाळता, कधीही.

वैद्यकशास्त्रात सगळ्या लक्षणांना एकच कारण शोधण्याची आम्हाला सवय असते. पण वयस्कर रुग्णाला मधुमेह, दमा आणि मोतीबिंदू एकाच वेळी असू शकतो. इथेही तसंच झालं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा सेंटिमीटर. मोठ्या पट्ट्याची ही छोटी लहर माहिती जास्त वेगाने नेऊ शकते, पण भिंत ओलांडताना लवकर दमते. आमचा राऊटर होता कार्यालयात, आणि कार्यालय व सल्ला कक्ष यांच्यामध्ये एक्स-रेची खोली. तिच्या भिंतीला आणि दाराला शिशाचा पत्रा. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून बसवलेला पत्रा वायफायलाही आत-बाहेर करू देत नव्हता. कक्षापर्यंत जे येत होतं ते व्हरांड्यातून वळसा घालून आलेलं क्षीण टोक.

घरात शिसं नसतं, पण लोखंडी कपाट असतं, आरसा असतो, पाण्याची टाकी असते, सळ्यांचा स्लॅब असतो, जुन्या वाड्याची दोन फुटी दगडी भिंत असते. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. माणसाचं शरीरही निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळे राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये चार पाहुणे बसले तरी फरक पडतो. दिसायला बरा नाही म्हणून राऊटर टीव्हीमागे, कपाटात किंवा जमिनीवर कोपऱ्यात लपवतात. त्याची खरी जागा घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि मोकळ्यावर. सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका, त्याला उष्णता सोसत नाही.

सिग्नलचा जोर मोबाइलवरच्या मोफत अॅपने मोजता येतो. आकडा उणे चिन्हात असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की भरवसा संपला. प्रत्येक दहा अंकांना ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचा फरक आहे. आमच्या टेबलावर आकडा होता उणे ७९.

लॅपटॉपचे स्वतःचे आजार

वहीत दुपारच्याही दोन-तीन नोंदी होत्या. त्यांचं कारण मजेशीर निघालं. दुपारी कोणीतरी लॅपटॉपचा चार्जर काढून तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावत असे. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवण्यासाठी वायफायच्या कार्डाला डुलकी घ्यायला लावत होता.

हा दोष अगदी नेहमीचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली वायरलेस अडॅप्टर सापडतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान दिसत असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे टिक करून दिलेली असते. ती टिक काढायची.

लॅपटॉपचे आणखी काही दोष ओळखून ठेवावेत. एखाद्या अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्यावा, किंवा आधीच्या आवृत्तीवर परत जावं. जोडणी बिघडलेली वाटत असेल, तर ते वायफाय ‘विसरा’ म्हणून सांगून पासवर्ड नव्याने टाकावा. यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब लावल्यावरच २.४ गिगाहर्ट्झचं नेट आणि बिनतारी माऊस अडखळत असेल, तर त्या जोडणीचा गोंगाट कारणीभूत असू शकतो. ती वस्तू दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून पाहा.

आणि एक दोष हाडांचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना पडद्याच्या कडेने बसवलेला असतो आणि त्याच्या बारीक तारा बिजागरीतून खाली जातात. बिजागरी मोडकी झाली की या तारा दुखावतात. पडदा पुढे-मागे केल्यावर सिग्नल बदलत असेल, किंवा पडदा वा बॅटरी दुरुस्त करून आणल्यापासून रेंज घटली असेल, तर सेटिंग चाळत बसू नका. दुरुस्तीवाल्याला तारा तपासायला सांगा.

राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं हे या सगळ्यातलं पॅरासिटामॉल. जरूर द्यावं, बरं वाटतं. पण रोज द्यावं लागत असेल, तर आजार वेगळाच आहे.

वायफायने शरीराला अपाय होतो का?

हा लेख वाचताना काहींच्या मनात हा प्रश्न आला असेल. ‘डॉक्टर, जी लहर खांदा शेकते तीच घरभर फिरतेय?’ लहर त्याच जातीची, पण पणतीचा आणि भट्टीचा उजेडही एकाच जातीचा असतो. राऊटरची शक्ती अत्यल्प, आणि अंतर दुप्पट केलं की ती चौपट घटते. एक्स-रेप्रमाणे पेशींतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-बी गटात टाकलं. पुरावा मर्यादित असला की हा गट देतात, आणि तेव्हाचा पुरावा मुख्यतः कानाला लावून वापरायच्या मोबाइलविषयी होता. घरातल्या राऊटरमुळे आजार झाला असं सांगणारा रुग्ण मला आजवर तपासणीत सिद्ध करता आलेला नाही. रात्री दोनपर्यंत त्या राऊटरच्या जोरावर मोबाइल पाहणारे आणि सकाळी डोकं धरून येणारे मात्र रोज दिसतात.

डायथर्मीची गोष्ट वेगळी. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तिच्यापासून लांब राहावं आणि फिजिओथेरपीला गेल्यावर पेसमेकर असल्याचं आधी सांगावं.

घरी करायचा क्रम

चार-पाच दिवस वेळेसह नोंद ठेवा. मोबाइलशी तुलना करा. राऊटरजवळ बसून पाहा. दोन खिडक्यांत पिंग लावा. मग उपचार करा, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर किमान एक दिवस थांबा. काय बदललं ते वहीत लिहा. आधीची सेटिंग लिहून ठेवली नसेल, तर परतीची वाट राहत नाही. फोनवरून कोणी ‘तुमचा वायफाय दुरुस्त करतो, हे अॅप घ्या’ म्हणालं, तर फोन ठेवा. अशा अॅपमधून तुमचा लॅपटॉप त्याच्या ताब्यात जातो आणि पुढे बँक खाते रिकामं होतं.

शेवटी काय केलं?

राऊटर हलवता येईना, कारण लाइन तिथेच येत होती. शिशाची भिंत पाडता येत नाही. शेवटी सहकाऱ्याने व्हरांड्याच्या छताखालून प्लॅस्टिकच्या पट्टीत झाकून वायर आणली. लॅपटॉप पातळ असल्याने त्याला वायरचं भोकच नव्हतं, म्हणून यूएसबीला लावायचा छोटा जोड घेतला. वायफाय बंद केलं. जिथे लॅपटॉप एकाच टेबलावर राहतो आणि काम चुकून चालत नाही, तिथे जुनी वायरच उत्तम. मुलांची ऑनलाइन परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत असेल, तेव्हा घरीही असंच करावं. नवीन लॅपटॉपच्या मागणीचं पत्र फाइलमधून काढून घेतलं.

वायर आल्यापासून चित्र गोठलेलं नाही. तरी एक सवय आम्ही कायम ठेवली आहे. सल्ला संपला की समोरच्या मॅडम औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ मला परत वाचून दाखवतात. मी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कॉल बंद होत नाही. कॉल तुटला तर तो सल्ला झालाच नाही असं समजायचं आणि फोन करून सगळं पहिल्यापासून बोलायचं.

आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा पडद्यावर आले. पहाटेचा घाम थांबला होता. मॅडमनी वाचून दाखवलं, ‘रात्रीचं इन्सुलिन दहा युनिट, जेवण चुकलं तर आधी आम्हाला विचारायचं.’ मागून आजोबांनी मान हलवली आणि विचारलं, ‘डाक्टर, ऐकू येतंय ना माझं?’

येत होतं, अगदी स्पष्ट.